तिसऱ्या रहस्यातली खरखर

भुईगावात कुणाचंही वायफाय बघायला गेला तरी लेस्ली राउटरला हात लावण्याआधी विचारतो, बिघाड नेमका कधी होतो? टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात तीस वर्षं गेली, तिथली ही सवय. निवृत्तीनंतर ती सुटली नाही, आणि गावानेही त्याला सोडलं नाही.

फर्डिनंड सरांकडून बोलावणं आलं तेव्हा मात्र तो चहा अर्धा टाकून निघाला. दहावीत गणितात आपटलेल्या लेस्लीला या माणसाने वर्षभर आपल्या ओट्यावर बसवून शिकवलं होतं. गणित सुटलं, पण निकालाच्या दिवशी हा लाजाळू प्राणी सरांना तोंडही न दाखवता आजोळी पळाला. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आता पक्षाघाताने सरांची वाचा जवळजवळ गेली होती.

सरांची बायको जुलियानाबाई सांगू लागल्या. रोज संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. दहा-दहा मण्यांची पाच रहस्यं, एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. कॅनडातली लेक जीना टॅबवरून सामील होते. पहिली दोन रहस्यं बाई सांगतात, तिसरं जीना. आणि नेमकं तिसऱ्यातच चित्र थिजतं, आवाज तुटतो. दिवसभरात सरांचे ओठ हलतात ते तेवढ्यातच, लेकीच्या आवाजामागोमाग. आवाज तुटला की ते भिंतीकडे तोंड फिरवतात. तिकडचंच नेट वाईट, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

लेस्लीने राउटर बंद करून चालू केला, शेजारच्या वायफायशी टक्कर नको म्हणून चॅनल बदललं. दुपारभर सगळं झकास चाललं, पण त्याचं समाधान होईना. तो रोझरीलाच थांबला.

दोन रहस्यं सुरळीत झाली. जीनाने तिसरं सुरू केलं तशा बाई माळ ओढत, पुटपुटत स्वयंपाकघरात गेल्या. मिनिटभरात खरखर सुरू झाली आणि जीना पडद्यावर थिजली. लेस्ली ताडकन उठून मागोमाग गेला. लेकीनेच पाठवलेल्या मायक्रोवेव्हमध्ये सरांची पेज गरगर फिरत होती, आणि त्यालाच टेकून फळीवर राउटर उभा होता.

लेस्लीने मायक्रोवेव्ह बंद केला. बाहेर जीनाचा आवाज परत आला.

त्याने बाईंना समजावलं, की हे यंत्र चालू असलं की त्याच्या लहरी वायफायच्या लहरींत घुसतात. बाई खालीच बसल्या.

"म्हणजे इतके महिने पोरीला मीच गप्प करत होते?"

"तुम्ही पेज तापवत होता, बाई."

राउटर बाहेरच्या खोलीत, घरच्या आल्तारापाशी, प्रार्थनेच्या वेदीजवळ गेला. पेज सातच्या आधी तापू लागली. दुसऱ्या दिवशी जीनाचे दहाही मणी अखंड झाले, आणि प्रत्येक मण्याला सरांनी अडखळत उत्तर दिलं. बाई डोळे पुसत लेस्लीचे आभार मानत राहिल्या. त्याला ते ऐकवेना. तो सरांच्या खाटेपाशी बसला.

"सर, थँक्यू. दहावीचं राहिलं होतं."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग फळ्यापाशी उभं असल्यासारखं एक बोट वर केलं आणि जीभ गोळा करून म्हणाले,

"पास."