हळू आवाजातली मराठी

"हा डबा खाली सफाईवाल्या काकांना देऊन ये. आणि पुढच्या वेळी घरचं आणू नकोस. बाहेरून मागव."

ताई हे हळू बोलल्या. मराठीत बोलल्या. बाकीचे चौघं प्लेटा मांडून बसले होते, त्यांना मराठी येत नव्हती. ताई त्यांच्याकडे वळल्या आणि हसून म्हणाल्या, "चलो, आज समोसे मंगा लेते हैं." डब्यात काय आहे हे कोणी विचारलं नाही. पाटवड्या होत्या. आईनं सकाळी लवकर उठून थापल्या होत्या, रस्सा वेगळ्या डब्यात बांधून दिला होता. ऑफिसातल्या सगळ्यांना पुरेल एवढं केलं होतं तिनं.

मी जबलपूरच्या एका डिझाइन स्टुडिओत काम करते. मोबाइलच्या ॲपचे स्क्रीन, औषधांची खोकी, दुकानांच्या पाट्या, जे येईल ते. स्टुडिओ ताईंचा. ताई शहरातल्या जुन्या दीक्षितपुऱ्यातल्या, पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातल्या. टीम पगारानं बनत नाही, मूल्यांनी बनते, असं त्या नेहमी म्हणायच्या. म्हणून दर शनिवारी एकानं घरून नाश्ता आणायचा आणि सगळ्यांनी एका टेबलावर बसून खायचा, ही पद्धत त्यांनीच सुरू केली. टेबलामागच्या भिंतीवर मोठे शब्द होते. सम्मान, भरोसा, करुणा, बराबरी. ती अक्षरं मीच काढली होती. चांगली जमली होती, हे आजही म्हणते.

त्या दिवशी नाश्ता आणायची माझी पहिलीच वेळ होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझं आडनाव जबलपुरात कोणाला कळत नाही. आम्ही बौद्ध. बाबा भंडाऱ्याकडून इथे कारखान्यात नोकरीला आले. इथल्या हिंदी माणसाला आमचं आडनाव म्हणजे नुसतं "मराठी" वाटतं. शाळेत, कॉलेजात मी "मराठी लड़की" म्हणून निभावून नेलं. ताईंनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता. म्हटलं, चला, ऑफिसात मराठी बोलायला माणूस मिळालं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, मूळ गाव कोणतं, पूर्ण नाव काय. मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या. त्या सगळ्या ऑफिसात माझं आडनाव वाचता येणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या भाषेचं होतं.

मी डबा घेऊन खाली गेले. काकांनी विचारलं, "बिटिया, आप लोग नहीं खाएँगे?" मी म्हटलं, ज़्यादा हो गया. मग वर येऊन समोसा खाल्ला. सगळ्यांसोबत, त्याच टेबलावर. संध्याकाळी आईनं विचारलं, आवडल्या का सगळ्यांना? मी म्हटलं, हो, काही उरलं नाही.

त्यानंतर माझा शनिवार आला की मी सराफा बाजारातून खोव्याची जिलबी न्यायची. सगळे खूश. ताई पण दोन घ्यायच्या. सुरुवातीला राग यायचा, नंतर राग गेला आणि नुसता थकवा उरला. रोज सकाळी स्कूटी लावताना वाटायचं, आजचा दिवस निघाला म्हणजे झालं.

बाबांना एकदा सांगितलं. ते टीव्ही बघत होते. तो बंद न करता म्हणाले, "काहून वाढवून राहिली? मी पण असंच काढलं. पेन्शन भेटली ना." त्यांच्यावर चिडावं एवढंही अंगात बळ नव्हतं.

मग बाहेरची एक मोठी कंपनी आली. वर्षभराचं काम देणार होती. त्यांना नुसतं डिझाइन नको होतं, माणुसकीच्या मूल्यांवर उभी राहिलेली टीम हवी होती. ताईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शनिवारच्या टेबलाबद्दल तू बोल. तुझ्या तोंडून शोभेल. काम मिळालं तर नव्या टीमची लीड तू."

मी काय बोलायचं, तेही त्यांनीच ठरवलं होतं. "यहाँ मुझे कभी अलग महसूस नहीं हुआ." चार वेळा पाठ करून घेतलं माझ्याकडून. लीड व्हायचं होतं मला. खोटं कशाला सांगू, फार व्हायचं होतं. माझ्यापेक्षा कच्ची पोरं पुढे गेलेली पाहिली होती.

मीटिंगच्या दिवशी उभी राहिले. समोर कंपनीची माणसं, बाजूला ताई. ते वाक्य जिभेवर आलं आणि मला त्याची शिसारी आली. मी म्हटलं, "मेरे घर का डिब्बा इस टेबल पर कभी नहीं खुला. दीदी ने नीचे भिजवा दिया था. क्योंकि दीदी मेरा सरनेम पढ़ सकती हैं."

वाटलं, झालं, आता नोकरी गेली, पण निदान हे सगळं एकदाचं संपलं.

काहीच संपलं नाही. ताईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग त्या डोळे पुसत म्हणाल्या, "देखिए, हमारे यहाँ कोई भी, कुछ भी बोल सकता है. यही हमारी वैल्यू है." कंपनीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि "बहुत बहादुर" म्हणाले. काम मिळालं. भिंतीवर आणखी एक शब्द आला, खुलापन. तोही मलाच काढायला सांगितला. माझा अपमान त्यांनी धुऊन, इस्त्री करून स्वतःच्या अंगावर घातला होता. आणि मला लीड केलं.

त्या दिवसांत मी खूप विचार केला. अपमान होऊन गेल्यावर सांगितला की त्याची नुसती गोष्ट होते. गोष्ट ऐकून कोणालाही भरून येतं, ज्यानं केलं त्यालासुद्धा. काहीच द्यावं लागत नाही.

नव्या टीमसाठी मुलाखती सुरू झाल्या. जबलपूरजवळच्या सिहोऱ्याहून एक मुलगी आली. सकाळची बस पकडून आली होती, केस वाऱ्यानं विस्कटलेले. तिचं काम मी पडद्यावर बघत होते. स्वच्छ काम होतं, उगाच काही भरलेलं नव्हतं. टीममधले आणखी दोघं बसले होते. ताई माझ्याकडे झुकल्या. हळूच, मराठीत म्हणाल्या, "आडनाव पाहिलंस का हिचं? क्लायंटसमोर बसवायची आहे. तू आता आपली आहेस, तुला सांगायला नको."

आपली. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो असा मिळाला.

मी खुर्ची मागे घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "दीदी मराठी में कह रही हैं कि इस लड़की का सरनेम देख लो, इसे क्लाइंट के सामने बिठाना है."

या वेळी टाळ्या नाही वाजल्या. दोघं मान खाली घालून बसले. मुलगी फाइल आवरायला लागली. मी म्हटलं, "बैठो. काम दिखाओ अपना." ताई उठल्या, दारापाशी थांबल्या.

"तुला कळतंय का तू काय करून राहिलीस?"

"हो," मी म्हटलं.

त्या मुलीला मी घेतलं. माझं काय होईल, ते अजून ठरायचं आहे. ताई माझ्याशी आता हिंदीत बोलतात. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मला हलकं वगैरे काही वाटत नाही, झोपही नीट लागत नाही. पण यापुढे माझ्या कानात जे हळू सांगितलं जाईल, ते मी त्याच खोलीत, त्याच क्षणी, ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर, त्याला कळेल अशा भाषेत मोठ्यानं सांगणार. लीड ठेवा नाहीतर काढून टाका. जिथे बसेन तिथे सांगणार.