जीभ वर कर

कंपाउंडरनं लाकडी रूळ माझ्या हनुवटीखाली लावला आणि तोंड वर उचललं. "तोंड उघड. जीभ वर कर."

मी जीभ वर केली. दवाखान्याच्या ओट्यावर तापवाले, खोकलेवाले, लेकरं घेऊन आलेल्या बाया. सगळ्यांनी माझे दात पाहिले. कुणी तरी म्हणालं, बैलबाजारात असंच पाहतात. लोक हसले. मीही हसले असेन. तेव्हा मला काही वाटायचंच नाही.

मी अफू खायची. बाळंतपणात कंबर धरली ती सुटलीच नाही, आणि वलगावला आमचा भाजीचा मळा. वाकल्याशिवाय मेथी निघत नाही. सासूनं मोहरीएवढी गोळी दिली. दुखणं गेलं. मग रोजच गोळी. चोरून नाही. अफूचं दुकान सरकारी परवान्याचं, भर बाजारात. विकणार सरकार, सोडवणारही सरकार.

एकदा चुलीत हात भाजला. मला ते वासावरून कळलं. त्या दिवशी घाबरले आणि अमरावतीच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर पुण्याकडचे. सरकारकडून डॉक्टरांना हुकूम आला होता, तो त्यांनी आम्हा अफूवाल्यांना वाचून दाखवला. अफू एकदम तोडायची नाही, माणूस दगावतो. औषध देऊन हळूहळू उतरवायची. आणि रोजचा डोस रोग्यानं डोळ्यांदेखत गिळायचा, नाही तर गालात धरून बाहेर विकतात. मला पटलं. बाजारात टोपली उतरवण्याआधी रोज तिथं जायचं. गिळायचं. तोंड उघडायचं.

अफू उतरू लागली तशी कंबर पुन्हा दुखू लागली. चटका कळू लागला. आणि लाजही वाटू लागली. रूळ गार असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एक दिवस देशमुखांच्या घरी मेथी द्यायला गेले. त्यांच्या आईसाहेबही अफू सोडत होत्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. दवाखान्याचा चपराशी आला. आठवड्याच्या औषधाची शिशी त्यानं वाकून दिली, डॉक्टरसाहेबांचा नमस्कार सांगितला आणि गेला. रूळ नाही. जीभ नाही. जुडी देताना मी तिचे देठ मुठीत चुरडले. तो राग होता. इतक्या वर्षांनी आला होता की मी आधी ओळखलाच नाही.

दुसऱ्या दिवशी डोस गिळला. रूळ आला. मी तोंड मिटलं, रूळ हातानं बाजूला केला.

"गियताना पायलं ना तुमी? बस झालं. देशमुखाच्या घरी शिशी जाते, तिथं जीभ कोन पायते?"

ओट्यावर कुणी हसलं नाही. डॉक्टर आतून आले. ती मोठ्या घरची माणसं, ती काय औषध विकणार आहेत, असं म्हणाले. मग म्हणाले, "तोंड दाखवायचं नसेल तर उद्यापासून औषध बंद."

"एकदम बंद? हुकूम तं तुमीच वाचला होता."

"हुकूम डॉक्टरांसाठी असतो. भाजीवालीसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी औषध मिळालं नाही. संध्याकाळपासून हातपाय तुटू लागले. नाकाडोळ्यांतून पाणी. पोटात पीळ. सकाळी सासूनं पदराची गाठ सोडली. "दुकान उघडलं असंन. मोहरीएवढी घे वं, मरशीन."

जीव त्या गोळीकडेच ओढत होता. खोटं कशाला सांगू. तरी म्हटलं, "नाई आत्याबाई. बंडी जुपाले सांगा. मले दवाखान्यात नेऊन सोडा."

ओट्यावर जाऊन बसले. बसवत नव्हतं, भिंतीला टेकले. कंपाउंडर रूळ घेऊन आला. त्याच्यामागे डॉक्टर. त्या दिवशीचेच लोक बघत होते. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोलले.

"औषध घेतल्याबिगर उठत नाई. जीभ दाखवत नाई. मेली तं याच ओट्यावर मरीन, साऱ्यायच्या डोयादेखत."