एक डोळा झाकून

माझं लग्न मोडता मोडता राहिलं ते माझ्या ओठांमुळे. हे वाक्य ऐकलं की घरातली पोरंसोरं कान टवकारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, गोष्ट चर्चमधली आहे आणि ओठ फक्त आकडे मोजत होते.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. लोणावळ्याच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत मी कामाला होतो. गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करणं हे माझं मुख्य कौशल्य. तिथल्या चर्चला कुणा पाहुण्यानं हातात धरून चालवायचा सिनेमाचा कॅमेरा भेट दिला. दवाखान्यात महिनोन्‌महिने खाटेवर पडून असलेल्या माणसांना रविवारची उपासना बघायला मिळावी, असा पाळकसाहेबांचा बेत होता. रीळ धुवायला मुंबईला जायचं आणि परत आलं की वॉर्डात चादर टांगून दाखवायचे. आवाज त्यात नव्हताच. म्हणून चर्चचा पेटीवाला बरोबर जायचा आणि चादरीवर ओठ हलायला लागले की तो खाटांच्या मधे बसून तेच भजन म्हणायचा. कधी पुढे जायचा, कधी मागे राहायचा, पण आजारी माणसं तक्रार करत नसत.

कॅमेरा चालवायला आमच्या मालकांना बोलावणं आलं. मालकांना खाली वाकलं की वर येता येत नसे, म्हणून मला पाठवलं.

त्या कॅमेऱ्याला किल्ली होती. ती पिळून भरली की अर्धं मिनिट चालायचा, मग मेल्यासारखा थांबायचा. ऐन भजनात थांबू नये म्हणून मी मनात तीसपर्यंत मोजायचो. मनात म्हणतो खरं, पण माझं मन पहिल्यापासून ओठांवरच राहतं. हात हलू नये म्हणून एक गुडघा जमिनीवर आणि दुसऱ्या गुडघ्यावर कोपर. भिंगातून बघायला एक डोळा मिटलेला. आणि किल्ली पिळताना रहाटासारखा कर्रकर्र आवाज व्हायचा, म्हणून पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं की प्रार्थना चालू असताना किल्लीला हात लावायचा नाही. ‘आमेन’ झालं की सगळे बाकांवरून हलतात, बाकं करकरतात, त्या आवाजात काय ते उरकायचं.

चर्चमध्ये माझ्यावर कुणाचा विश्वास होता म्हणाल, तर पाळकसाहेब सोडून कुणाचाच नाही. पुढच्या बाकावर एक म्हातारी मावशी बसायची. मी शेजारी गुडघा टेकला की ती पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घ्यायची. रेल्वेतून निवृत्त झालेले, चर्चचा कारभार बघणारे एक पंच होते, त्यांना दाट संशय की कॅमेऱ्यात रीळच नाही. उघडून दाखव म्हणाले. मी म्हटलं, उघडलं तर उजेड लागून सगळं वाया जाईल. त्यावर ते असं हसले की जणू चोरानं कबुलीच दिली.

तिकडे कुसगावात, आमच्या घरी, माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी औंढ्याची. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलगी मी चोरून दोनदा पाहिली होती आणि दुसऱ्या वेळी तिनंही पाहिलं होतं, त्यामुळे मला घाई होती. अशात त्यांच्या भावकीतला एक दूधवाला बंगल्यांवर रतीब घालून परत जाताना चर्चच्या खिडकीशी थबकला. आत त्याला होऊ घातलेला जावई दिसला. गुडघ्यावर, मान खाली, डोळा मिटलेला, ओठ पुटपुटतायत. कॅमेरा त्याच्या बाजूनं माझ्या डोक्याआड असावा. किंवा दिसला असेल आणि सांगायला गैरसोयीचा वाटला असेल. माझा संशय या दुसऱ्या शक्यतेवर आहे.

मी बाटलो ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. मी आंघोळीला बसलो की आई पाठ चोळायच्या निमित्तानं गळ्यात काही आहे का ते बघायला लागली. शनिवारी मारुतीच्या नारळाचा तुकडा हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मला मुळात खोबरं आवडत नाही. पण त्या दिवसांत मी ते मिटक्या मारत खाल्लं, आणि तेच तिला जास्त खटकलं.

मग मुलीचे वडील आले. त्यांना सगळे आबा म्हणत. आईनं पुढे केलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. कप गार होत गेला तशी आईही.

“गुडगं टेकतोस का न्हाई?” आबांनी विचारलं.

“एक टेकतो.”

“डोळं झाकतोस?”

“तोही एकच.”

“आन व्हट?”

“मोजत असतो, आबा. तीसपर्यंत.”

आबांनी आईकडे बघितलं. “पोरगं सगळं कबूल करतंय आन वर हिशोब सांगतंय,” म्हणाले. “येत्या रविवारी मी येतो. काय ते माझ्या डोळ्यांनी बगतो. मंग सुपारीचं बगू.”

काम सोडावं म्हणून मी मालकांकडे गेलो. मालक म्हणाले, चर्च सोडलंस तर स्टुडिओही सोड. म्हणजे लग्न झालं तरी बायकोला खायला घालायला काही राहणार नव्हतं.

रविवारी आबा आले. चपला बाहेर काढून दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. पंचांनी त्यांना बघितलं आणि तडक जाऊन दानपेटीपाशी उभे राहिले. मी ठरवून आलो होतो, आज गुडघा टेकायचा नाही, डोळा मिटायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत. ताठ उभा राहून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मी कॅमेरा चालवायला लागलो. मला दोन-दोन पाळकसाहेब दिसायला लागले. न मोजल्यामुळे कॅमेरा पहिल्याच भजनात थांबला आणि मी थांबलेला कॅमेरा बराच वेळ फिरवत राहिलो. शेवटी मागून बरगडीत छत्रीचं टोक टोचलं.

“बस की रं खाली,” मावशी म्हणाली. “तुझ्या पाठीची उपासना करायला आलो का आमी?”

मी बसलो. गुडघा टेकला, डोळा मिटला, एक, दोन, तीन सुरू झालं. दवाखान्यातली ती माणसं तरी काय बघतील, असं काहीतरी मनात आलं. खोटं कशाला सांगू, तेव्हा सुपारीचा विचार पंधरा-सोळा आकड्यांपुरता डोक्यातून गेला होता.

उपासना सुटल्यावर आबांनी मला आवारात गाठलं. म्हणाले, दे बगू ते. मी कॅमेरा दिला. उभ्यानं धरला तर त्यांचा हात थरथरला. भिंगाला आधी हा डोळा लावला, मग तो. मग कुणी न सांगता एक डोळा मिटला आणि कोपराला टेका हवा म्हणून चिंचेखाली एक गुडघा खाली घातला. बराच वेळ ते चर्चच्या दाराकडे बघत होते. मला हसू आलं, पण त्या आठवड्यात हसणं परवडण्यासारखं नव्हतं.

उठल्यावर त्यांनी गुडघ्याची माती झटकली.

“मोजतोस ते खरं,” ते म्हणाले. “म्या दारातनं तुज्याबरूबर मोजलं. पन त्यो पाळक बोलायचा थांबला तवा आकडा सोडून तू दुसरंच कायतरी म्हनलास. काय म्हनलास?”

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तोंडात तयारही होतं. पण हा माणूस दारातून माझे आकडे मोजत होता, याला किती वेळ फसवणार?

“आमेन म्हणालो, आबा. सगळे म्हणतात तेव्हा किल्ली द्यायची असते. हाताबरोबर तोंडही चालतं.”

आबा दाराशी जाऊन चपला घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. अंगठा नीट बसत नव्हता की ते विचार करत होते, मला आजही सांगता येणार नाही.

“किल्लीसाटी म्हनतोस ना?”

“व्हय.” मी कधी नव्हे तो त्यांच्यासारखं बोललो.

“मंग म्हन. पन लग्नात, अक्षता पडायच्या टायमाला, तोंड मिटून उबा ऱ्हा.”

गुरुवारी सुपारी फुटली. चहा आबांनी दोन कप घेतला. आईनं मात्र त्यांच्या देखत माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आणि या वेळी दोघंही मी गिळेपर्यंत बघत बसले.