कमळाबाईंच्या आहेरातली हार्ड ड्राइव्ह

“नोटीस काढा, वकीलसायब. कडक काढा!” असे म्हणून कमळाबाईंनी माझ्या टेबलावर एक काळी डबी आपटली. “माझी गानी याच्यात गेली नि मुकी झाली.”

मी शहापुरात वकिली करतो. ग्राहकांच्या तक्रारी हा माझा प्रांत आणि संताप हे माझे भांडवल. त्या सकाळी मात्र माझ्याहून अधिक संतापलेली व्यक्ती माझ्यासमोर बसली होती.

कमळाबाई डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या धवलारीण, म्हणजे लग्नात विधीची गाणी म्हणणाऱ्या जाणत्या बाई. त्यांची नात सुनंदा गेली काही वर्षे त्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ फोनवर घेत होती. आता सुनंदाचेच लग्न होते, आणि फोनमध्ये जागा उरली नव्हती. आजीने आहेरात हार्ड ड्राइव्ह देण्याचे कबूल केले. गाणी त्यात गेली, की हळदीच्या आधी फोन पुसायचा, असे नातीने ठरवले. हळद परवावर आली होती.

“मंग कळलं कसं?” मीही नकळत त्यांच्याच बोलीवर घसरलो.

“रिकामा डबा आहेरात कोन देतं का? म्हनून म्हादूला सांगितलं, आधी भर. पयली गानी वाजली. पुढची नुसती काळी. नवरीला आजून सांगितलं नाय.”

म्हादू म्हणजे सुनंदाचा भाऊ. त्याला मी तत्काळ फोन केला आणि बजावले, “सुनंदाच्या फोनमधले एक अक्षरही पुसू देऊ नका. ही तोंडी ताकीद समजा.”

वाचकांसाठी खुलासा करतो. हार्ड ड्राइव्ह ही माहिती साठवण्याची पेटी. तिच्यात किती मावते, हे तीच संगणकाला सांगते. खोटी पेटी खोटे सांगते. आत जागा तांब्याभर आणि बाहेर सांगायचे रांजण. तांब्या भरला की पुढचे सारे सांडते. पण फाइलींची नावे दिसत राहतात, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. माझ्या मते ही साधी फसवणूक नव्हे, ही फसवणुकीची पदवी परीक्षा आहे.

मी नोटीस लिहायला घेतली. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आलो आणि थांबलो. नोटिशीला उत्तर देण्यासाठी मुदत द्यावी लागते. हळद मुदत देत नाही. मी कोट चढवला आणि ती डबी घेऊन आम्ही दोघे थेट ती विकणाऱ्या दुकानात गेलो.

दुकानदार प्रशांत याने बिलाच्या तळाशी बोट ठेवले. “साहेब, विकलेला माल परत घेत नाही. छापलंय.”

“छापलेले सारे कायदा होत असते, तर लग्नपत्रिकेवरही अपील करता आले असते,” मी म्हणालो. “सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे वाक्य मी येथे म्हणू, की ग्राहक आयोगापुढे?”

“आणि मी मांडवात म्हनू का?” कमळाबाई म्हणाल्या. “समदी तुज्याच दुकानात येतात रे.”

आयोगापेक्षा मांडवाचा धाक मोठा ठरला. प्रशांतने कपाळ पुसले. “आजी, मलाही हा माल वरूनच असा आला. तुम्हाला नामांकित कंपनीची देतो, रबरी कव्हरवाली. पडली तरी सांभाळेल.”

“देऊ नका. आधी तपासा,” मी म्हणालो. “पूर्ण भरा आणि पूर्ण वाचून दाखवा.”

“साहेब, संध्याकाळ होईल!”

“होऊ द्या.”

त्याने ड्राइव्ह संगणकाला जोडली आणि तपासणी सुरू केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी गोगलगाईच्या गतीने सरकू लागली. चहा झाला. वडापाव झाला. मी प्रशांतला ग्राहकाचे हक्क समजावून सांगितले, तेव्हा तो दोनदा मालाच्या खोलीत जाऊन आला. अखेरीस कमळाबाई कंटाळल्या आणि स्टुलावर मांडी ठोकून गाऊ लागल्या. लग्नात व्याह्यांना चिडवायची गाणी असतात, त्या चालीवर:

काळा कोट घालून वकील आला गो,
रागानं त्याचा चष्मा वाफाळला गो,
डबीवाला शेठ घामानं भिजला गो,
नवरीच्या आहेराला कायदा लागला गो!

दुकानासमोर गर्दी जमली. समोरचा टेलर कात्री हातात घेऊनच आला. भाजी घ्यायला निघालेल्या बाया दर ओळीला “गो” म्हणू लागल्या. घामाने भिजलेल्या प्रशांतने मोबाइल काढून सारे चित्रित केले आणि सर्वांत मोठ्याने हसला तोच.

हिरवी पट्टी टोकाला पोहोचली. चूक एकही नाही. प्रशांतने तपासणीच्या फाइली पुसून ड्राइव्ह मोकळी केली.

“मोकळी नेनार नाय,” कमळाबाई म्हणाल्या. तेव्हा त्याने आपल्या मोबाइलमधले ते गाणे तीत पहिले म्हणून भरले. त्याच रात्री म्हादूने बाकीची सर्व गाणी घातली. माझ्या सूचनेवरून त्याने प्रत्येक गाणे उघडून, अखेरपर्यंत ऐकले. सगळी वाजली. सुनंदाने फोन त्यानंतरच पुसला.

मला लग्नाचे आमंत्रण होते. मांडवात मोठा पडदा लावला होता, आणि नवरीने आजीचा आहेर त्याला जोडला. पहिल्या क्रमांकावर काय होते, हे आपण जाणताच. सारा पाडा वळून माझ्याकडे पाहू लागला. सुनंदा हसता हसता रडत होती. नवऱ्याकडच्या मंडळींनी ते पुन्हा लावायला सांगितले.

घरी येऊन मी कमळाबाईंना बदनामीची नोटीस लिहायला बसलो. परंतु बदनामीच्या कायद्यात सत्य हा बचाव आहे, आणि माझा चष्मा खरोखरच वाफाळला होता. नोटीस फाडली.