सगळं नाकबूल

संस्थान विलीन झालं आणि आमच्या कोर्टाच्या कामात इंग्रजी बोकाळलं. मी तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. मॅट्रिकला इंग्रजीत बरे गुण पडले होते, एवढीच माझी पात्रता. आणि तीच नडली.

दाव्याला जबाब द्यायचा म्हणजे समोरच्याचं एकेक कलम नाकारायचं. एखाद्यावर गप्प बसलं की ते कबूल धरतात. आता आमच्या पेठेत नाकारायला ‘न्हाय’ पुरतं. फारच झालं तर ‘न्हाय म्हंतोय न्हवं!’ पण गोऱ्या साहेबाच्या भाषेला एवढ्यानं कुठलं भागतंय? डिनाय म्हणजे साधा नकार. कॉन्ट्राडिक्ट म्हणजे तोंडावर उलट बोलणं. डिस्प्यूट म्हणजे वाद आहे, पण तो कधी मिटेल ते विचारू नका. रिफ्यूट म्हणायचं तर खोटं पाडून दाखवायला हवं. आणि रिप्युडिएट म्हणजे आपला संबंधच नाही म्हणून झटकून मोकळं होणं. डिक्शनरी चाळता चाळता माझं डोकं उठलं. माणसांनी इतकं नाकारावं तरी किती!

अशात एक सायकल दुरुस्तीवाला पक्षकार आला. घरमालकाला पोरासाठी दुकान रिकामं करून हवं होतं. दुकान गेलं असतं, तर याला हवेचा पंप घेऊन रस्त्यावर बसावं लागलं असतं. वकीलसाहेब गडबडीत होते. “दाव्यातलं सगळं नाकार,” म्हणाले आणि दुसऱ्या कोर्टाकडे पळाले.

मी नाकारलं. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की मास्तर छडी हाणायचे, म्हणून कलमागणिक नवा शब्द. दुकान घरमालकाच्या मालकीचं? डिनाय. प्रतिवादी बारा वर्षं त्याचा भाडेकरू? रिप्युडिएट! हे लिहिताना तर छाती दोन बोटं फुगली. मालकाला जागेची गरज? डिस्प्यूट. साहेबांनी न वाचता सही ठोकली. ‘वरील मजकूर खरा आहे’ याखाली सायकलवाल्यानंही केली.

पुढच्या तारखेला विरुद्ध बाजूचे वकील हसतच उठले. “हे भाडेकरूच नाहीत म्हणतात. मग भाडेकरूंना वाचवणारा कायदा यांना कशाला?”

साहेबांनी आमचा जबाब तेव्हा पहिल्यांदा वाचला.

“अरे गाढवा, त्या कलमावर तर आपण उभे आहोत!”

“आपणच सगळं म्हणालात, साहेब.”

“सगळं म्हणजे सगळं?”

बाहेर व्हरांड्यात सायकलवाल्यानं मला गाठलं. मी चाचरत सांगितलं.

“म्हंजे म्या भाडेकरू न्हाय, असं म्याच लिवून दिलंय?”

“तसं नाही, म्हणजे...”

“आता ह्ये बी न्हाय? अवो कारकून, बारा वर्सं भाड्याच्या पावत्या पेटीत जपल्यात की! तुमाला न्हाय म्हनायला कुनी सांगितलं हुतं?”

जबाब दुरुस्त करू द्या, असा अर्ज करायचा ठरलं. चूक माझी, असं प्रतिज्ञापत्र मीच द्यायचं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की, सदर चूक घडल्याचं नाकारता येणार नाही, परंतु ती सर्वस्वी माझीच याबद्दल वाद संभवतो. साहेबांनी तो टराटरा फाडला. “माझी चूक. बास. सही कर.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्हीच लिहिलंत हे?”

मी नुसती मान हलवली.

“तोंडानं सांगा.”

“हो.”

दुरुस्तीची परवानगी मिळाली. नवा जबाब मी साध्या इंग्रजीत केला. पण सायकलवाला सही करीना. कोर्टाच्या पायरीवर बसवून त्यानं माझ्याकडून एकेक ओळ मराठीत वदवून घेतली. ‘प्रतिवादी भाडेकरू आहे हे कबूल’ ही तर तीनदा. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते.

“पुन्यांदा म्हना.”

“प्रतिवादी भाडेकरू आहे.”

“हाय का न्हाय?”

“आहे हो, आहे!”

तेव्हा कुठं त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं.