ऐंशीच्या पुढे भरकटणारी गाडी

आधीच सांगते, इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहासोबत हसायला म्हणून वाचत आले. पिंपळाखालची बाई, उलटे पाय... काडीचा विश्वास नाही माझा. अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे मी. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, आणि जे मोजता येत नाही ते मी पास करत नाही. म्हणून तर हे लिहितानाही माझा संताप होतोय.

गाडी बाबांची. साधी करड्या रंगाची हॅचबॅक, डिकीत सीएनजीची टाकी. बाबा गेल्यावर ती आईच्या नावावर झाली आणि मी चालवू लागले. सहा महिने सुतासारखी सरळ चालली. मग आत्याच्या नातीचा साखरपुडा नामपूरला ठरला. नाशिकरोडहून निघताना आई सवयीने पुढे, डावीकडे बसायला गेली. तिची जागाच ती. बाबांच्या प्रत्येक गाडीत ती तिथेच बसत आली. तर आत्या म्हणाली, "वहिनी, तू मागे बस गं. शुभकार्याला निघालोय, आज पुढे नको."

आई निमूट मागे गेली. आत्या पुढे बसली. आणि मॅनेजरलाही तोंडावर सुनावणारी मी... मी किल्ली फिरवली.

ओझर ओलांडलं, काटा ऐंशीच्या पुढे गेला आणि गाडी भरकटायला लागली. आधी डावीकडे, सावरावी तर उजवीकडे. कांद्याचा ट्रक आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला. साठवर आणली की गाडी एकदम शहाणी!

त्या दिवसानंतर आई गाडीत मागेच बसायची, आणि मग बसेनाशीच झाली. दर महिन्याला नामपूरला बहिणीकडे जाणारी बाई. "नको बाई, मी घरीच बरी," म्हणायची. मी ठरवलं, गाडी नीट करायचीच.

पहिल्या मेकॅनिकने अलाइनमेंट केली, बॅलन्सिंग केलं आणि वर मला शिकवलं, "मॅडम, स्टिअरिंग जरा घट्ट धरत जा ना." अहो, बारा वर्षं चालवतेय मी! दुसऱ्याने चारही टायर नवे घालायला लावले... ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्याने तर कमालच केली. "वडलांची शांती केली का?" मी टाय रॉडचं विचारतेय आणि हा शांती सांगतोय! तिथल्या तिथे झापलं त्याला.

शेवटी नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे मेकॅनिक रफिकभाई भेटले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, एकेक चाक हाताने हलवून पाहिलं, लोअर आर्मचे बुश बदलले, टाय रॉड एन्ड बदलले. पुढचा डावा टायर उजवीकडे, उजवा डावीकडे करून पाहिला. टायरचा दोष असता तर ओढ बदलली असती. बदलली नाही. स्वतः हायवेला चक्कर मारून आले आणि घाम पुसत म्हणाले, "ताई, खोटं बोलनार नाय. गाडीत दोष नाय. पन भरकटते, ते बी खरं हाय."

मग विकायचं ठरलं. आईची सही लागणार होती. "वीक," ती म्हणाली. "मला आता कुठे जायचंय?" हे ऐकून त्या गाडीला लाथ मारावीशी वाटली.

घेणारा पिंपळगावचा एक कांदा व्यापारी होता. आम्ही दोघी साठनेच तिथवर गेलो, आई मागे. ट्रायलला तो स्टिअरिंगवर, मी शेजारी, आई मागेच. दोन किलोमीटरवरून परत आणली त्याने. "नको ताई, लय भरकटती."

आता आलोच आहोत तर साठवणीचे कांदे घ्यावेत म्हणून त्याच्याकडून दोन गोण्या घेतल्या. डिकीत टाकी, त्यामुळे गोण्या मागच्या सीटवर टाकल्या. आईला जागा उरली नाही. ती पुढे येऊन बसली.

बोलण्याच्या नादात काट्याकडे लक्षच नव्हतं. पाहिलं तर नव्वद. आणि गाडी सरळ! स्टिअरिंगवर बोटं नुसती टेकवून धरली, तरी सरळ. आईला काही न सांगता डिव्हायडरच्या पुढच्या कटवरून वळले आणि पुन्हा व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर.

"चढ," म्हटलं.

"मी काय कांदा आहे?"

चढवलीच. बावन्न किलो. एका गोणीत थोडे कांदे जास्तीचे भरून बरोबर बावन्न केले, ती पुढच्या सीटवर ठेवून वरून बेल्ट लावला आणि आईला मागे बसवलं. ऐंशी... भरकटली. आई पुढे, गोणी मागे. सरळ. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. व्यापारी लांबून बघत होता. मला वेड लागलंय अशी त्याची खात्री झाली असणार.

तर आता लिहू नका मला वजनाचं गणित. कांदे तोलून ठेवले होते. ट्रायलला शेजारी मी होते. आणि साखरपुड्याच्या दिवशी पुढे बसलेली आत्या आईपेक्षा वीस किलो तरी जास्त भरेल! बाबा वगैरेही म्हणू नका, मला ते पटत नाही. रफिकभाईंना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मंग विकू नका."

कारण मला आजही माहीत नाही. मेकॅनिकांवरचा राग मात्र कधीच निवळला. राहिलाय तो माझ्यावरचा. माझ्या आईला तिच्या जागेवरून उठवलं, आणि मी किल्ली फिरवली. महिनोन्महिने बुश आणि टायर तपासत बसले, पण तिला एकदाही विचारलं नाही, की आई, तू मागे का बसतेस?

गेल्या महिन्यात त्याच नातीचं लग्न झालं. आम्ही तिघीच निघालो. मी पुढचं दार उघडून उभी राहिले. आत्याने काही बोलायला तोंड उघडलं, तोवर आईने बसून बेल्टही लावला होता.

"वन्सं, तुम्ही मागे बसा," ती म्हणाली. "मी पुढे नसले की गाडी भरकटते."