दुधनेच्या पात्रात माझाच आवाज

भूत, चकवा, आवाज... असल्या गोष्टींची मी कायम टिंगलच केली. परभणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं तर जास्तच. म्हणून हे लिहिताना थोडं चमत्कारिक वाटतंय.

माझा धाकटा चुलतभाऊ संतोष, त्यानं गेल्या दिवाळीत नवी कोरी फोर बाय फोर जीप घेतली. माझी जुनी, सेकंडहॅन्ड. इतकी वर्षं घराण्यात 'जीपवाला' म्हणजे मी. आता सगळे त्याच्या गाडीपाशी फोटो काढायलेत. खरं सांगतो, लय पोटात दुखायचं.

नंतरच्या एका रविवारी आम्ही दोघं आपापल्या जीप घेऊन वालूरच्या पुढं दुधनेच्या काठानं निघालो. कापसाच्या रानांतली गाडीवाट, मधेमधे नदी ओलांडायची. त्याच्या शेजारी बायको मनीषा. माझ्या गाडीत मी एकटाच. दोघांकडं वॉकीटॉकी.

"दादा, काय पिकअप हाय हिचा! तुझी यायलीय का मागं?" सेटवर संतोषचं सारखं तेच. शेवटी मी माझा सेट बंद करून मागच्या सीटवर फेकला.

शेवटच्या ठिकाणी पात्र रुंद होतं. भर दुपार, पाणी गढूळ. तो पुढं उतरला. फसावा एकदा, असं मनापासून वाटत होतं... मधोमध गेल्यावर त्यानं अचानक गाडी डावीकडं घेतली आणि आरामात पल्याड गेला. शायनिंग मारायलाय, म्हटलं. मी हट्टानं सरळ घातली — आणि पुढची चाकं धाडकन खाली गेली. वाळू उपसलेला खड्डा! पाणी बॉनेटवर, इंजिन बंद.

त्यानंच आपल्या जीपच्या विंचची तार लावून मला ओढून काढलं. तेही सहन करायचं!

"दादा, डावीकडं घे म्हनून तूच वरडलास. मग तू सरळ कशाला आलास?"

"मी? कधी?"

"आत्ता की! सेटवर."

मी मागची सीट दाखवली. सेट तिथं बंद करून टाकलेलाच होता. आणि खड्डा असल्याचं मला तरी कुठं माहीत होतं?

"दुसऱ्या कुणाचा आवाज असंल," मी म्हणालो.

"न्हाई भाऊजी," मनीषा म्हणाली, "तुमचाच होता. 'संतू, डावीकडं घे' म्हणालात."

संतू... एका ताटात जेवायचो त्या वयात मी त्याला अशी हाक मारायचो. नंतर कधीच नाही. मनीषाला तर हे नावच ठाऊक नव्हतं.

गाडी दुरुस्त झाली. 'दादानं वाचवलं' म्हणून संतोष येईल-जाईल त्याला सांगतो. विज्ञानात याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही... आणि एक गोष्ट सलते ती सलतेच. आवाज माझा होता ना? मग त्यानं मला का नाही सावध केलं?